आवराआवरीचा निरोप आणि सी भाषेची जुनी उधारी

ऑक्सिजन तयार करण्याचा प्रयोग आपण सर्वांनी कधी ना कधी केलेला किंवा करवून घेतलेला असतो. कठीण काचेच्या परीक्षानळीत पोटॅशियम परमँगनेट तापवायचे, वायुवाहक नळीचे तोंड पाण्यात बुडवायचे आणि पाणी सारून वायुपात्रात वायू गोळा करायचा. प्रयोग जमतो, खरी परीक्षा तो आवरताना होते. उत्साही विद्यार्थी आधी बर्नर विझवतो. परीक्षानळी थंड होऊ लागते, आतल्या वायूचा दाब घटतो, पाणी नळीतून वर चढते आणि तापलेल्या काचेला लागताच परीक्षानळी तडकते. म्हणून अनुभवी शिक्षक आधी पाण्यातली नळी काढायला लावतात आणि मगच बर्नर विझवू देतात. मांडण्याला जसे शास्त्र असते तसे आवरण्यालाही असते.

संगणकाच्या आज्ञावल्या लिहिणाऱ्यांनाही हा धडा गिरवावा लागला. त्यात त्यांच्यापुढे आणखी एक प्रश्न उभा राहिला : आवरण्याचे काम दुसऱ्यावर सोपवायचे असेल, तर त्याला निरोप कसा द्यायचा आणि तो निरोप बरोबर आहे हे कोणी तपासायचे? सी या भाषेत या प्रश्नाचे उत्तर जवळजवळ पन्नास वर्षे अर्धवट राहिले होते. त्याची ही हकिकत.

निरोप म्हणजे काय?

संगणकाला जोडलेले प्रत्येक उपकरण, मग तो कळफलक असो, छपाईयंत्र असो वा कॅमेरा, चालवण्यासाठी एक स्वतंत्र आज्ञावली लागते. तिला डिव्हाइस ड्रायव्हर म्हणतात. संगणकाच्या कार्यप्रणालीचा गाभा आणि ते उपकरण यांच्यामधला हा दुभाष्या. लिनक्ससारख्या कार्यप्रणालींतले बहुतेक ड्रायव्हर आजही सी भाषेत लिहिलेले आहेत.

ड्रायव्हर सुरू होताना बऱ्याच गोष्टी मागून घेतो. थोडी स्मृती घेतो, उपकरणाचा वीजपुरवठा चालू करतो, त्याला ताल देणारे घड्याळ चालू करतो. काम संपले, किंवा मध्येच काही बिघडले, की हे सारे उलट्या क्रमाने परत करावे लागते. शेवटी चालू केलेले आधी बंद करायचे. घड्याळ बंद करायचे राहून गेले तर वीज वाया जाते. स्मृती परत करायची राहिली तर ती थोडी थोडी गळत जाते. आणि एकदा परत केलेली स्मृती पुन्हा वापरली तर काय होईल याचा नेमच नाही.

उपकरण नेमके केव्हा काढले जाईल हे ड्रायव्हरला आधी ठाऊक नसते, ते गाभ्याला कळते. म्हणून ड्रायव्हर गाभ्यापाशी निरोप ठेवतो : ‘आवरायची वेळ आली की अमुक पत्त्यावरच्या फंक्शनला बोलवा आणि त्याच्या हातात ही वस्तू द्या.’ फंक्शन म्हणजे ठरावीक काम करणारा आज्ञांचा संच. तो स्मृतीत जिथे सुरू होतो तो त्याचा पत्ता. असा पत्ता साठवणाऱ्या चलाला सी भाषेत फंक्शन पॉइंटर म्हणतात, आणि निरोप ठेवून नंतर बोलावल्या जाणाऱ्या फंक्शनला कॉलबॅक. हातात दिली जाणारी वस्तू म्हणजे फंक्शनचे आर्ग्युमेंट.

निरोपात पत्ता आला, वस्तू आली. पण त्या पत्त्यावरचा माणूस अशीच वस्तू हाताळणारा आहे, हे कोण पाहणार? पुढची सारी गोष्ट या एका प्रश्नाभोवती फिरते.

जेव्हा सगळे शब्द सारखे होते

सी भाषेची वंशावळ इंग्लंडमधल्या केंब्रिज विद्यापीठापासून सुरू होते. तिथल्या मार्टिन रिचर्ड्स यांनी १९६७ मध्ये बीसीपीएल ही भाषा तयार केली. तिच्यात प्रकार असा नव्हताच. यंत्राच्या स्मृतीतला एक घर म्हणजे एक शब्द, आणि सगळे शब्द सारखे. त्यात संख्या आहे, अक्षरे आहेत, की फंक्शनचा पत्ता आहे, हे लिहिणाऱ्याने लक्षात ठेवायचे. अमेरिकेतील बेल प्रयोगशाळेत केन थॉम्पसन यांनी १९६९-७० च्या सुमारास पीडीपी-७ या १८ बिटी यंत्रासाठी बी ही भाषा बनवली. तीही अशीच होती.

याचा अर्थ काय, ते वर्गात सहज दाखवता येते. फळ्यावर ‘१२-१०’ असे लिहावे आणि मुलांना विचारावे, हे काय आहे? कोणी म्हणेल, बारा ऑक्टोबर. कोणी उत्तर देईल, दोन. फळ्यावरच्या खुणा त्याच. अर्थ वाचणाऱ्याने ठरवला. बीसीपीएल आणि बी या भाषांत प्रत्येक शब्द असा होता. एका शब्दाचे यंत्र होते तोवर हे खपले.

अडचण आली ती पीडीपी-११ या यंत्रावर. त्याचा शब्द १६ बिटांचा. पण पत्ता मात्र प्रत्येक ८ बिटांच्या बाइटला वेगळा. अक्षर एका बाइटात मावते, संख्येला दोन बाइट लागतात. आता हे अक्षर आहे की संख्या, हे भाषेला सांगणे भाग पडले. डेनिस रिची यांनी १९७१ पासून बी भाषेत प्रकार आणायला सुरुवात केली आणि त्यातून सी जन्मली. १९७३ च्या उन्हाळ्यात युनिक्स या कार्यप्रणालीचा गाभा सी भाषेत नव्याने लिहिला गेला.

म्हणजे सी भाषेत प्रकार आले ते प्रामुख्याने यंत्राची गरज म्हणून. किती बाइट उचलायचे हे कळावे, एवढा त्यांचा मुख्य उपयोग. निरोप देणारा आणि घेणारा यांच्यातला करार तपासणे हे काम त्यांच्याकडे तेव्हा नव्हते.

रिकामे कंस

१९७५ मध्ये बाहेर पडलेल्या युनिक्सच्या सहाव्या आवृत्तीत उपकरणांचा एक तक्ता आहे. प्रत्येक ओळ एका उपकरणाची. अक्षरामागून अक्षर देवाणघेवाण करणाऱ्या उपकरणांसाठी ओळीत पाच रकाने : उघडणे, बंद करणे, वाचणे, लिहिणे आणि उपकरणाची मांडणी बदलणे. प्रत्येक रकान्यात त्या कामाच्या फंक्शनचा पत्ता. आजच्या ड्रायव्हरचा सांगाडा या छोट्या तक्त्यात पूर्ण दिसतो. ‘बंद करणे’ हा रकाना म्हणजे आवराआवरीचा निरोप.

या तक्त्यातली छपाईयंत्राची ओळ पाहण्यासारखी आहे. छपाईयंत्रातून वाचायचे काय? म्हणून ‘वाचणे’ या रकान्यात नोडेव्ह नावाचे फंक्शन टाकले आहे. ते एवढेच करते : ‘असे उपकरण नाही’ ही चूक नोंदवते आणि परत येते. ‘मांडणी बदलणे’ या रकान्यातही तेच. त्याचे एक भावंड आहे, नलडेव्ह. ते काहीच करत नाही. ज्या उपकरणाला उघडताना वा बंद करताना विशेष काही करायचे नसते, त्याच्या रकान्यात नलडेव्ह.

आता बारकाईने पाहू. गाभा ‘वाचणे’ या रकान्यातल्या फंक्शनला एक आर्ग्युमेंट देतो आणि ‘मांडणी बदलणे’ या रकान्यातल्या फंक्शनला दोन. नोडेव्ह मात्र स्वतः एकही मागत नाही. तरीही एकच फंक्शन दोन्ही रकान्यांत बसले आणि कंपायलरने हूं की चूं केले नाही. याचे कारण त्या काळच्या सी भाषेत फंक्शनची घोषणा करताना कंस रिकामे सोडत. हे फंक्शन काय परत देते ते सांगायचे. काय घेते ते सांगायचेच नाही.

यंत्राच्या पातळीवर हे का चालले? सी भाषेच्या त्या काळच्या रिवाजानुसार बोलावणारा आर्ग्युमेंटे एका ढिगावर रचून ठेवी आणि काम झाल्यावर बोलावणाराच ती उचलून टाकी. ढिगाला संगणकशास्त्रात स्टॅक म्हणतात. बोलावलेल्या फंक्शनने त्या ढिगाकडे ढुंकूनही पाहिले नाही तरी बिघडत नसे. मांडणाराच आवरत होता, म्हणून गैरमेळ झाकला जात होता.

त्या काळात ही सोय होती आणि तिचा उपयोगही झाला. पूर्ण कार्यप्रणाली मोजक्या माणसांनी लिहिलेली, सगळी एकमेकांच्या हाकेच्या अंतरावर. करार तोंडी असला तरी भागत होते.

करार लेखी होतो

१९७८ मध्ये ब्रायन कर्निघन आणि डेनिस रिची यांचे सी भाषेवरील पुस्तक प्रसिद्ध झाले आणि भाषा बेल प्रयोगशाळेबाहेर वेगाने पसरली. वेगवेगळ्या यंत्रांवर जाताच तोंडी कराराच्या भानगडी पुढे आल्या. त्या हुडकण्यासाठी स्टीफन जॉन्सन यांनी लिंट नावाची आज्ञावली लिहिली. कपड्याला चिकटलेल्या तंतूंना इंग्रजीत जे म्हणतात तेच हे नाव. एका फाइलीत फंक्शन कसे लिहिले आहे आणि दुसऱ्या फाइलीत ते कसे बोलावले आहे, याची ती तुलना करी. पण लिंट चालवायची की नाही, हे प्रत्येकाच्या मर्जीवर होते.

सी भाषेचे प्रमाणीकरण करण्यासाठी १९८३ मध्ये अमेरिकेत समिती नेमली गेली आणि १९८९ मध्ये पहिले प्रमाणक संमत झाले. त्यातली सर्वांत महत्त्वाची सुधारणा बिआर्न स्ट्राउस्ट्रुप यांच्या सी++ भाषेतून घेतलेली होती. फंक्शनच्या घोषणेत आता कंसात आर्ग्युमेंटांचे प्रकार लिहायचे. करार लेखी झाला आणि तो मोडला तर कंपायलर हटकू लागला.

याच प्रमाणकाने ‘व्हॉइड पॉइंटर’ला अधिकृत स्थान दिले. हा पत्ता कशाचा आहे ते न सांगणारा पॉइंटर, म्हणजे बंद पाकीट. आवराआवरीच्या निरोपात याचा फार उपयोग. गाभ्याला आतली वस्तू कळण्याची गरज नसते. पाकीट तो जसेच्या तसे पुढे देतो. घेणारे फंक्शन पाकीट उघडते आणि आपली वस्तू ओळखते.

मात्र दोन पळवाटा उरल्या. जुन्या आज्ञावल्या मोडू नयेत म्हणून रिकामे कंस चालू ठेवले. ते भाषेतून खऱ्या अर्थाने गेले ते २०२४ मध्ये प्रसिद्ध झालेल्या नव्या प्रमाणकात, म्हणजे पस्तीस वर्षांनी. दुसरी पळवाट म्हणजे कास्ट. ‘हा पॉइंटर अमुक प्रकारचा आहे असे समज’ असे कंपायलरला बजावता येते. एका प्रकारचा फंक्शन पॉइंटर दुसऱ्या प्रकारात बदलून ठेवायला आणि पुन्हा मूळ प्रकारात आणायला प्रमाणकाची हरकत नाही. पण बदललेल्या प्रकारानेच फंक्शन बोलावले आणि तो प्रकार मूळ प्रकाराशी सुसंगत नसला, तर पुढे काय होईल याची हमी प्रमाणक देत नाही.

इथे एक गैरसमज सर्रास होतो. साध्या संख्येवर कास्ट केला तर मूल्य खरोखर बदलते : ३.७ चे ३ होतात. फंक्शन पॉइंटरवर कास्ट केला तर फंक्शनमधली एकही आज्ञा बदलत नाही. बदलते ती फक्त पाटी. दारावर ‘रसायनशास्त्र’ लिहिले म्हणून आतला भूगोलाचा वर्ग रसायनशास्त्राचा होत नाही.

जिथे काच फुटली

‘पण चालते ना?’ हा प्रश्न इथे हमखास येतो. पुष्कळ यंत्रांवर चालते, आणि धोका त्यातच आहे. जिथे चालले नाही अशी काही उदाहरणे पाहू.

१९९० मध्ये आलेल्या विंडोज ३.० मध्ये कॉलबॅकसाठी पास्कल भाषेचा रिवाज वापरला होता. त्यात ढीग उचलायचे काम बोलावलेल्या फंक्शनकडे असे, आणि किती उचलायचे ते फंक्शन लिहितानाच ठरलेले. समजा बोलावणाऱ्याने दोन वस्तू ठेवल्या आणि फंक्शनने तीन उचलल्या. तिसरी वस्तू कोणा दुसऱ्याची होती. आज्ञावली तिथेच, किंवा बरीच पुढे जाऊन, कोसळे. युनिक्समध्ये ज्या गैरमेळाने काही बिघडत नव्हते, त्याने इथे अनर्थ झाला.

दुसरे उदाहरण आपल्या महाविद्यालयांतल्या अनेकांच्या ओळखीचे, टर्बो सी चे. त्यातल्या ‘मीडियम’ या स्मृतिरचनेत फंक्शनचा पत्ता ४ बाइटांचा आणि माहितीचा पत्ता २ बाइटांचा असे. फंक्शनचा पत्ता व्हॉइड पॉइंटरमध्ये कोंबला तर तो अर्धा कापला जाई.

तिसरे उदाहरण आपल्या विषयाच्या अगदी गाभ्यातले. डेटा जनरल या अमेरिकी कंपनीच्या इक्लिप्स एमव्ही मालिकेतल्या संगणकांवर पॉइंटर वेगवेगळ्या साच्यांचे असत. अक्षरांसाठी आणि व्हॉइड पॉइंटरसाठी बाइट मोजणारा साचा, बाकी सर्वांसाठी शब्द मोजणारा. व्हॉइड पॉइंटर घेऊन बोलावले आणि फंक्शन मात्र एखाद्या रचनेचा पॉइंटर मागत असले, तर त्याच्या हाती वेगळ्याच मापाने लिहिलेला पत्ता पडे. मैलात सांगितलेले अंतर किलोमीटर समजून चालावे तसे.

हे सगळे जुन्या यंत्रांचे, असे कोणी म्हणेल. तर २०१७ पासून ब्राउझरांत आलेल्या वेबअसेंब्लीचे उदाहरण घ्यावे. त्यात पॉइंटरमार्फत फंक्शन बोलावताना ठरलेला प्रकार आणि प्रत्यक्ष प्रकार ताडून पाहिले जातात. आर्ग्युमेंटांची संख्या जुळली नाही, किंवा परतीचे मूल्य एकीकडे आहे आणि दुसरीकडे नाही, तर आज्ञावली तिथल्या तिथे थांबते. युनिक्सचा नोडेव्ह इथे दारातच अडवला गेला असता.

लिनक्समधली आवराआवर

लिनुस तोरवाल्ड्स यांनी १९९१ मध्ये लिनक्स जाहीर केली. तिचे ड्रायव्हर जगभरातल्या, एकमेकांना कधी न भेटलेल्या माणसांनी लिहिले. तोंडी करार इथे चालण्यासारखा नव्हता.

सुरुवातीची बरीच वर्षे प्रत्येक ड्रायव्हर आपली आवराआवर स्वतः करी. पाच गोष्टी मागायच्या असतील आणि चौथी मिळाली नाही तर आधीच्या तीन उलट्या क्रमाने परत करायच्या. या पायऱ्या लिहिताना चुका होत, आणि त्या लवकर सापडतही नसत. कारण चौथी गोष्ट न मिळण्याची वेळ क्वचितच येते. २००७ च्या २.६.२१ या आवृत्तीत यावर तोडगा आला. ड्रायव्हरने मागितलेल्या गोष्टींची यादी गाभाच ठेवतो आणि वेळ येताच शेवटून सुरुवातीकडे परत करत जातो. पुढे २०१३ मध्ये या यादीत ड्रायव्हरने आपलाही निरोप घालावा, अशी सोय झाली. निरोपाचा साचा ठरलेला : फंक्शन व्हॉइड पॉइंटर घेणारे असावे आणि त्याने काहीही परत देऊ नये.

घड्याळ बंद करणारे फंक्शन गाभ्यात आधीपासून होते. पण ते व्हॉइड पॉइंटर घेत नाही, घड्याळाच्या रचनेचा पॉइंटर घेतो असे सांगते. अनेकांनी सोपा मार्ग धरला. कास्ट करून पाटी बदलली आणि तेच फंक्शन निरोपात देऊन टाकले. एका ओळीत काम झाले. आपल्या रोजच्या संगणकांवर दोन्ही प्रकारचे पॉइंटर एकाच ठिकाणी, एकाच साच्यात दिले जात असल्याने ते चाललेही. आम्हीही अशा ओळी लिहिल्या आहेत आणि त्यात काही वावगे आहे असे तेव्हा वाटले नव्हते.

योग्य मार्ग तीन ओळी लांब आहे. व्हॉइड पॉइंटर घेणारे एक मधले फंक्शन लिहायचे, त्यात पाकीट उघडून घड्याळाचा पॉइंटर काढायचा आणि मग मूळ फंक्शनला बोलवायचे. या मधल्या माणसामुळे कंपायलरला साचा बदलायची संधी मिळते. इक्लिप्सवर तो साचा खरोखर बदलेल. आपल्या संगणकावर बदलायचे काही नसल्याने जवळपास काहीच खर्च होणार नाही.

तरीही प्रत्येक कास्ट आळसापोटी आलेला नसतो, हेही सांगितले पाहिजे. आयबीएमच्या मोठ्या संगणकांवरील लिनक्समध्ये यंत्रणेच्या नोंदी वाचणारा एक ड्रायव्हर आहे. त्यात उपकरणाची रचना मोकळी करण्याच्या निरोपात केफ्री हे स्मृती परत करणारे गाभ्याचे फंक्शन कास्ट करून थेट दिले होते. शेजारी टिपणही होते. त्याचा आशय असा की, ड्रायव्हर स्मृतीतून काढून टाकल्यावरही हा निरोप बजावला जाऊ शकतो, म्हणून गाभ्यातले फंक्शन थेट दिले आहे. दिसायला जरा गूढ वाटेल, पण योग्य आहे.

मुद्दा खरा होता. आवरायला येणाऱ्या माणसाचे घरच पाडून टाकले असेल तर निरोप कोणाला पोचणार? ड्रायव्हरमधले तीन ओळींचे फंक्शन ड्रायव्हरबरोबर निघून गेले असते. केफ्री मात्र गाभ्यात, कायम मुक्कामी. लिहिणाऱ्याने एक धोका नीट ओळखला होता. तो टाळताना त्याने दुसरा पत्करला, आणि त्या काळात तो धोका कोणाला धोका वाटत नव्हता.

परतीच्या मूल्याचीही अशीच गोष्ट. लिनक्समधल्या एका मोठ्या गटातल्या ड्रायव्हरांचे काढून टाकण्याचे फंक्शन पूर्णांक परत देत असे. काम जमले तर शून्य, नाही तर चुकीचा क्रमांक. लिहिणाऱ्यांचा समज होई की, चूक कळवली तर गाभा पुन्हा बोलावेल. प्रत्यक्षात गाभा उपकरण काढूनच टाकी आणि अर्धवट आवरलेला पसारा तसाच राही. २०२३ आणि २०२४ या दोन वर्षांत ड्रायव्हरामागून ड्रायव्हर बदलून हे फंक्शन काहीही परत न देणारे करण्यात आले. जे उत्तर कोणी ऐकणार नाही ते मागायचेच कशाला?

दाराशी शिक्का

मग जुन्या कास्टचा हिशेब अखेर कोणी मागितला? घुसखोरांमुळे तो मागावा लागला.

स्मृतीत साठवलेला फंक्शनचा पत्ता घुसखोराने बदलला की संगणक त्याच्या पसंतीचे फंक्शन चालवू लागतो. लिनक्सच्या गजराच्या रचनेत फंक्शनचा पत्ता आणि त्याला द्यायचे आर्ग्युमेंट शेजारी शेजारी होते; दोन्ही एकदम बदलता येत. २०१८ च्या जानेवारीत आलेल्या ४.१५ या आवृत्तीपर्यंत शेकडो ठिकाणी हात घालून ही रचना बदलली गेली. आता गजराच्या फंक्शनला त्या गजराचाच पॉइंटर मिळतो, आणि त्याचा प्रकार ठरलेला असतो.

याहून व्यापक उपायाची कल्पना २००५ मध्ये एका शोधनिबंधात मांडली गेली होती. आज्ञावलीचा प्रवाह ठरलेल्या वाटांनीच जातो आहे ना, हे ती चालू असतानाच तपासायचे. फोनच्या गाभ्यात हा उपाय २०१८ च्या पिक्सेल ३ पासून वापरात आला. डिसेंबर २०२२ च्या लिनक्स ६.१ मध्ये त्याचे सुधारित रूप आले. त्याचे तत्त्व सोपे आहे. कंपायलर प्रत्येक फंक्शनच्या प्रकारावरून, म्हणजे ते काय घेते आणि काय परत देते यावरून, एक ३२ बिटी अंक काढतो आणि फंक्शनच्या दाराशी शिक्क्यासारखा उमटवतो. पॉइंटरमार्फत बोलावणारा आधी हा शिक्का आपल्या अपेक्षेशी ताडून पाहतो. जुळला तर आत, नाही तर तिथेच थांबा.

या पहाऱ्याला घुसखोर आणि पाटी बदलून आलेला घरचा माणूस यांतला फरक कळत नाही. व्हॉइड पॉइंटरचा शिक्का वेगळा, घड्याळाच्या पॉइंटरचा वेगळा. वर्षानुवर्षे बिनबोभाट चाललेला आवराआवरीचा निरोप नव्या पहाऱ्यात गाभा बंद पाडू शकतो. आणि ही वेळ उपकरण काढताना, म्हणजे चाचणीत सर्वांत कमी वेळा येणाऱ्या प्रसंगी, येते.

म्हणून असे कास्ट आधीच हुडकणे आले. २०१८ च्या जीसीसी ८ या कंपायलरने विसंगत कास्टबद्दल इशारा द्यायला सुरुवात केली. पण दोन्हीकडे पॉइंटरच असतील तर तो गप्प बसे. आपल्या घड्याळाचा कास्ट त्यातून नेमका निसटे. २०२३ च्या क्लँग १६ मधला कडक इशारा तोही पकडू लागला. मग घड्याळ चालू करून त्याच्या बंद करण्याचीही नोंद ठेवणारी तयार फंक्शने ड्रायव्हरांनी स्वीकारली, तर काहींनी तीन ओळींचे मधले फंक्शन लिहिले.

आणि आयबीएमच्या संगणकावरचा तो ड्रायव्हर? २०२४ मध्ये त्यातला कास्ट आणि टिपण दोन्ही काढली. आधी ड्रायव्हरमध्येच योग्य प्रकारचे छोटे फंक्शन लिहिले गेले. त्यानंतर अशा ड्रायव्हरांचे रचना मोकळी करण्याचे काम, ते सारे ज्याच्यावर उभे आहेत त्या सामायिक भागात नेण्यात आले. आता फंक्शनचा प्रकारही बरोबर आणि ड्रायव्हर निघून गेल्यावरही फंक्शन जागेवर. जुन्या टिपणातली खरी काळजी अशा रीतीने मिटली. पाटी बदलण्याची गरज उरली नाही.

वर्गासाठी

ही हकिकत सांगताना जुन्या लोकांना नावे ठेवण्याचा मोह टाळावा. रिकाम्या कंसांनीच युनिक्सचा सुटसुटीत तक्ता शक्य केला, आणि त्या तक्त्याची कल्पना आजही टिकून आहे. बदलले ते भोवतालचे जग. मोजक्या माणसांचा करार हजारो अनोळखी माणसांत गेला आणि एका यंत्रावरची सोय शेकडो यंत्रांवर पोचली. सोयीने घेतलेली उधारी फेडायची वेळ पुढच्या पिढीवर आली.

विद्यार्थ्यांची आज्ञावली तपासताना ‘सर, पण उत्तर बरोबर येते’ हे वाक्य आपण नेहमी ऐकतो. अशा वेळी गणिताचे शिक्षक काय करतात ते आठवावे. १६/६४ या अपूर्णांकातले वरचे आणि खालचे ६ खोडून कोणी १/४ असे उत्तर काढले, तर उत्तर बरोबर असूनही ते त्याला गुण देत नाहीत. रीत चुकीची आहे, आणि पुढच्या उदाहरणात ती दगा देणार हे त्यांना माहीत असते. फंक्शन पॉइंटरवरचा कास्ट हा संगणकातला तसाच खोडलेला ६ आहे.

ज्या शाळांत वा महाविद्यालयांत संगणक आहेत, तिथे विद्यार्थ्यांना एक छोटे काम द्यावे. आपल्या आज्ञावलीतले सगळे कास्ट शोधून प्रत्येकाशेजारी तो का लागला ते एका वाक्यात लिहायचे. बरेच कास्ट अनावश्यक निघतील. थोड्यांमागे खरी अडचण सापडेल, आणि ती अडचण आयबीएमच्या त्या टिपणासारखी वेगळ्या, सरळ मार्गाने सोडवता येते का, हे वर्गाने मिळून पाहावे. कंपायलरचे इशारे बंद करून ठेवण्याची सवय मात्र आधी मोडावी लागेल. तो इशारा देतो तेव्हा परीक्षानळी अजून गरम असते आणि नळीचे तोंड पाण्यातच असते.